शेंगा चौदा, रेघा तेरा

माझ्या नातीच्या लॅपटॉपचं दुखणं मी ओळखलं ते कानांनी. डोळ्यांनी ओळखणं शक्यच नव्हतं. उजव्याचं ऑपरेशन झालंय, डावा अजून रांगेत उभा आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या वस्तीवर ही गोष्ट आता ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळी झाली आहे. कुणी म्हणतं म्हातारीनं स्क्रू काढून आतली वायर बदलली, कुणी म्हणतं म्हातारीनं नुसता हात फिरवला. खरं काय झालं ते मीच लिहिलेलं बरं. त्यात माझी फजिती आहे. पण आपली फजिती आपणच सांगितली की निदान कुठं थांबायचं ते आपल्या हातात राहतं.

आमचं घर घोड नदीच्या काठाला, गावापासून बाजूला, शेतातच. मुलगा दौंडला रेल्वेत, सून तिथंच. नात शिरूरच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकते, म्हणून राहायला माझ्याकडे. सकाळी एसटीनं जाते, दुपारी परत येते, ताटातलं अर्धं खाते, अर्धं मांजरीला घालते आणि लॅपटॉपपुढं बसते. कानावर ती मोठी हेडफोनची जोडी चढली की मग घराला आग लागली तरी तिला वासानंच कळेल.

ती खेळते. वेळ घालवायला खेळणं वेगळं आणि हे वेगळं, हे मला समजायला एक वर्ष लागलं. पाच-पाच जणांच्या दोन टोळ्या असतात, एकीनं दुसरीला गाठायचं, आणि आपल्या पाचांनी एकमेकांना सांभाळायचं. तिच्या टोळीतले चौघं कुठले कुठले आहेत. एक सणसवाडीच्या कंपनीत शिफ्ट करतो आणि खोलीवर आला की खेळायला बसतो, त्याची गाठ कधी पडली नाही, पण तो तिला हिंदीतून कॅप्टन म्हणतो. एकदा तिनं हेडफोन लावले नव्हते, तेव्हा पहिल्यांदा ते ऐकलं; मी भाजी निवडत होते. हातातली जुडी खाली ठेवली आणि नीट ऐकलं. चार बापई गडी आणि माझी नात त्यांना सांगतीये, तू इकडून जा, तू थांब, मी म्हटल्याशिवाय हलू नको. आणि ते ऐकतायत. आमच्या घराण्यात बाईचं असं ऐकलं जायला मला पन्नाशी गाठावी लागली होती.

तर पुण्याच्या एका मोठ्या टीमनं तिला ट्रायलला बोलावलं. घरून, आपल्याच लॅपटॉपवर, रविवारी सकाळी अकरा वाजता तीन डाव खेळायचे, ते लोक बघणार. माझ्या मुलानं तिला दोन वर्षं खेळू दिलं होतं, आरडाओरडा कधी केला नाही. पण या वेळी त्यानं फोनवर शांतपणे सांगितलं, की झालं तर झालं, मी स्वतः पुण्याला सोडायला येईन. नाही झालं तर हा खेळ बंद, कॉलेज संपलं की दौंडला यायचं आणि रेल्वेच्या परीक्षेचा अभ्यास धरायचा. नात हो म्हणाली. बापाचा शब्द वावगा नव्हता, म्हणूनच तो टोचत होता. वावगा असता तर चिडता तरी आलं असतं.

आणि नेमका तेव्हा लॅपटॉप बिघडला.

काय व्हायचं ते सांगते. या लॅपटॉपचा पडदा साधा नाही. त्याच्यावर चित्र एका सेकंदात एकशे चव्वेचाळीस वेळा नव्यानं उमटतं. साध्या पडद्यावर साठ वेळा. मला दोन्ही सारखेच दिसतात, पण नातीला फरक कळतो, आणि समोरचा माणूस कोपऱ्यातून निघाला हे ज्याला आधी दिसलं तो वाचला, असा तो खेळ. तर खेळता खेळता तिचा पडदा एकदम काळा व्हायचा. पापणी लवावी इतकाच वेळ, की परत चालू. त्यात ती मरायची. आणि कधी कधी परत आल्यावर पडदा साठवरच बसून राहायचा, सगळं धक्के खात चालायचं, आमची एसटी न्हावऱ्याच्या रस्त्यानं जाते तसं. तिनं आत जाऊन आकडा परत एकशे चव्वेचाळीसवर आणायचा, की दहा मिनिटांनी पुन्हा तेच.

एखादा आठवडा अगदी बरा जायचा. पुढच्या आठवड्यात पुन्हा आजारी.

शिरूरला एसटी स्टँडजवळ एका दुकानात दिला. त्यानं दिवसभर चालवून बघितला, एकदाही पडदा काळा झाला नाही. आमच्याकडं तर मस्त पळतोय म्हणाला, ड्रायव्हर नवे टाकून परत दिला. घरी आणला, तासाभरात काळा. मग शनिवारी बापाकडे दौंडला घेऊन गेली. तिथल्या कारागिरानं झाकण हलवून बघितलं, मान हलवली आणि सांगितलं की पडदाच जायच्या मार्गावर आहे, नवा मागवावा लागेल, यायला पंधरा दिवस. ट्रायलला राहिले होते आठ.

परत आली. बॅग कॉटवर टाकली, हातपाय धुतले नाहीत. मी म्हटलं जेव, तर म्हणाली भूक नाही. मी म्हटलं, भूक नसायला काय झालं, तर म्हणाली, "आजी, ट्रायलला मी साठवर खेळणार. ते हसतील." एवढंच. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं.

आता माझ्याबद्दल थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी आमच्या बायकांच्या दूध डेअरीवर बावीस वर्षं दूध घेतलं. पहाटे नाही म्हणायचं नाही, पावसात नाही म्हणायचं नाही. तिथं एक गोष्ट शिकले. मोठा कॅन नासला की नुसता कॅनकडे बघून काही उमगत नाही. घरोघरच्या दुधाच्या लहान बाटल्या बाजूला ठेवलेल्या असतात, त्या एकेक तापवायच्या. जी फाटली ती सापडली. पाच बाटल्या एकदम तापवल्या तर पाची घरांशी भांडण होतं आणि नासवणारी शेजारी बसून हसते. ही अक्कल मला डेअरीवर आली. त्याच्या आधी नव्हती. त्याच्या आधी माझं काय होतं ते ऐका.

मी लग्न होऊन आले तेव्हा दहावी नापास होते, म्हणजे या वस्तीवरची सगळ्यात शिकलेली बाई. तो ताठा काय होता म्हणून सांगू. सासऱ्यांनी टीव्ही आणला, लाकडी सरकत्या दारांचा, काळा-पांढरा. रविवारी संध्याकाळी सिनेमा लागायचा आणि आजूबाजूच्या चार वस्त्यांवरची माणसं अंगणात घोंगड्या टाकून बसायची. एका रविवारी चित्र वर सरकायला लागलं. माणसाचे पाय वर, डोकं खाली, आणि सगळं गिरमिटासारखं फिरतंय. मागं पाच-सहा बटणं होती. तेव्हाची मी, नाकात नथ, डोक्यावर पदर, सगळ्यांच्या देखत उठले. सासूबाईंनी विचारलं, तुला येतं का गं? मी म्हटलं, त्यात काय, शास्त्राला होतं आम्हाला. शास्त्रात मला पासाच्या पस्तीसपैकी किती पडले होते ते मी आजही सांगणार नाही.

सगळी बटणं फिरवली. एकदम. कुठलं आधी कुठं होतं ते बघितलं पण नाही. चित्र सरकायचं थांबलं हे खरं, चित्रच गेलं. नुसते तिरपे पट्टे राहिले. पन्नास माणसं त्या पट्ट्यांकडं बघतायत आणि मागं मी. तेवढ्यात वर अँटेनावर एक कावळा बसला होता तो उडाला. मी म्हटलं, "त्यानंच केलं. अँटिना हलवली त्यानं."

सगळ्यांना पटलं. शिकलेली सून म्हणतीये म्हटल्यावर पटायलाच पाहिजे. सासूबाई, देव त्यांना सुखी ठेवो, दुसऱ्या दिवसापासून आठ दिवस वेताची काठी घेऊन अंगणात बसल्या, कावळे हाकायला. भर उन्हात. मी त्यांना चहा नेऊन द्यायचे आणि विचारायचे, आला होता का हो? शिरूरहून माणूस आला, त्यानं बटणं सारखी केली, मीच त्याच्याकडं डोळे वटारून बघितलं म्हणून तो काही बोलला नाही. सासूबाई गेल्या तोवर त्यांना खरं कळलं नाही. अशी मी होते. आजची मी तिला भेटले असते तर कानाखाली नसती मारली, पण कावळे हाकायला नक्की बसवलं असतं.

तर सोमवारी दुपारी नात खेळायला बसली. सराव तर करायलाच हवा होता. मी तिच्या मागं, पंख्याखाली, बियाणाच्या भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. ती हेडफोन लावून. मधूनच तिची पाठ ताठ व्हायची, खुर्ची करकरायची, म्हणजे पडदा काळा झाला. शेंगा फोडताना माझं लक्ष कुठं नसतं, कान मोकळे असतात. आणि मला जाणवलं, की तिची पाठ ताठ व्हायच्या जरा आधी कोपऱ्यातून आवाज येतोय. टक. बारीक. पालीच्या आवाजासारखा, पण पाल इतकी नेमाची नसते.

मी शेंगा फोडायच्या थांबले. टक. पाठ ताठ. थोडा वेळ काही नाही. टक. पाठ ताठ.

तिच्या खांद्याला हात लावून हेडफोन काढायला लावला. म्हटलं, "कोपऱ्यात काय वाजतंय गं?"

"काय वाजतंय?"

"तुला नाहीच ऐकू यायचं. डबडी लावलीत कानाला."

म्हणाली इन्व्हर्टर असेल, वाजतो तो. आणि परत डबडी लावायला लागली. मी तिचा हात धरला. पन्नास वर्षांपूर्वीची मी असते तर तिथंच जाहीर केलं असतं, सापडलं म्हणून, आणि इन्व्हर्टरची सगळी बटणं दाबली असती. पण डेअरीवरची मी म्हणाली, थांब, बाटली तापव.

तिला म्हटलं, तू खेळ. पडदा काळा झाला की वहीत एक रेघ मार. मागं वळून बघायचं नाही. मी इथं टक झालं की एक शेंग बाजूला ठेवीन. तुझ्याकडं बघणार नाही. ती म्हणाली, आजी, हे काय नवीन. पण चार वाजेपर्यंत खेळली आणि रेघा मारल्या. मी भिंतीकडं तोंड करून बसले, म्हणजे तिची पाठ बघून मी फसू नये. भिंतीला पोपडे आलेत ते त्या दिवशी कळलं.

शेवटी मोजलं. माझ्या शेंगा चौदा, तिच्या रेघा तेरा.

ती तोंड वाकडं करणार तेवढ्यात मी विचारलं, मघाशी तू शिंकलीस तेव्हा डोळे उघडे होते का?  मग तिनं शेंगा परत मोजल्या, स्वतःच्या हातानं, आणि पहिल्यांदा त्या तीन दिवसांत तिचा चेहरा उजळला.

पुढचं तिनं जुळवलं, मी नुसतं विचारत गेले. आमच्याकडं शेतीची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. दिवसाची लाईट असली की सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू, आणि घरातला विजेचा दाब पडतो. डेअरीवर भिंतीला व्होल्टेजचा काटा होता, दिवसाच्या लाईटीला तो कुठं जाऊन बसायचा ते मला पाठ आहे. दाब पडला की इन्व्हर्टरला वाटतं लाईटच गेली; तो टक करून आपल्या बॅटरीवर जातो. जरा दाब वाढला की टक करून परत. दिवसभर त्याची ये-जा. आणि प्रत्येक टकला तिळभर लाईट तुटते. बल्बला ती कळत नाही. लॅपटॉपला कळते.

नात लॅपटॉपच्या आत कुठं कुठं शिरली आणि तिला तिथं एक चौकोन सापडला, बरोबरची खूण केलेला. चार्जर निघाला की बॅटरी वाचवायला पडदा साठवर आणायचा, अशी कंपनीनंच करून दिलेली सोय. एकशे चव्वेचाळीसवरून साठवर जाताना आणि परत येताना पडदा क्षणभर काळा होतो. परत यायचं राहून गेलं की साठवरच बसतो. म्हणजे पडद्याला काही झालं नव्हतं. शिरूरच्या दुकानात दाब चांगला, म्हणून तिथं तो शहाण्यासारखा वागला. आणि रात्रीच्या लाईटीच्या आठवड्यात दिवसा मोटारी बंद, म्हणून तो आठवडा बरा जायचा.

तिनं खूण काढून टाकली. आणि मग ती इन्व्हर्टरच्या त्या प्लगाकडं वळली.

इथं मी उगाच शेंगा फोडायला लागले. कारण तो प्लग.

लॅपटॉप आधी खिडकीपाशी साध्या प्लगवर चालायचा. ट्रायलचं ठरलं तसं मीच म्हटलं, एवढी भारी वस्तू, ऐन वेळी लाईट गेली तर? आमच्याकडं जी वस्तू जिवाची तिला इन्व्हर्टरची लाईन द्यायची, ही रीत आहे. फ्रिजला नाही, गिरणीला नाही, पण लेकराच्या वस्तूला. वायरमनला बोलावलं, कोपऱ्यात नवा प्लग बसवून घेतला, वर कुंकवानं स्वस्तिक काढलं. तेव्हा तो वायरमन, शेजारच्या वस्तीवरचाच, मला म्हणाला होता, "काकू, लॅपटॉप डायरेक्टच राहू द्या. ह्या इन्व्हर्टरला कमी दाब सोसत न्हाई, सारखा उड्या मारंल." आणि मी त्याला काय म्हटलं होतं? तुझ्या बापाच्या लग्नात मी होते, मला नको शिकवू.

हे नातीला माहीत नव्हतं. ती त्या वेळी कॉलेजला होती. ती प्लगाकडं बघत म्हणाली की असं कसं काम केलं त्या वायरमननं, त्याला एवढं पण कळत नाही, बघतेच त्याला, आणि फोन हातात घेतला.



खोटं सांगत नाही, तो कावळा आला. चाळीस-पन्नास वर्षांनी, अँटेना नाही, काही नाही, सरळ माझ्या घरात येऊन बसला. काही बोलायचंसुद्धा नव्हतं मला. नुसतं गप्प बसलं की काम भागत होतं. तो बिचारा दोन शिव्या खाऊन सॉरी म्हणाला असता, प्लग बदलून गेला असता, आणि मी आजी ती आजीच. तेवढ्यापुरती मी शेंगांच्या टरफलांत बोटं फिरवत बसले.

मग म्हटलं, "फोन ठेव. त्यानं नको म्हटलं व्हतं. मीच ऐकलं न्हाई."

तिनं विचारलं, काय नको म्हटलं होतं? मी सगळं सांगितलं. बापाच्या लग्नाचं पण. आणि एकदा तोंड उघडलं म्हटल्यावर टीव्हीचं, बटणांचं, सासूबाईंच्या काठीचं, सगळं. कावळ्याचं मी जन्मात पहिल्यांदा कुणाला सांगत होते. तिला आधी कळेना हसावं की काय करावं. मग ती जी हसायला लागली, ती खुर्चीवरून खाली बसली. आठ दिवस, आजी? आठ दिवस उन्हात? मी म्हटलं, व्हय, आन् मी चहा देत होते.

हसून झाल्यावर म्हणाली, "म्हणजे महिनाभर माझं रेटिंग तुझ्या स्वस्तिकामुळं गेलं."

"व्हय."

"बरं झालं तूच सांगितलंस. त्याला फोन केला असता तर त्यानं सांगितलंच असतं."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं बघा. इतकी मी हुशार.

फोन शेवटी मीच केला. वायरमनला म्हटलं, तुझं बरोबर होतं, माझं चुकलं.  मग तो म्हणाला, काकू, तुम्हीच बोलताय ना?

संध्याकाळी येऊन त्यानं बघून घेतलं. माझी एक शंका राहिली होती, की डायरेक्ट लाईनीवर दाब तर तेवढाच कमी, मग तिथं लॅपटॉप कसा टिकेल? नातीनं चार्जर उलटा केला, मी भिंग आणलं. त्यावर बारीक लिहिलंय, शंभर ते दोनशे चाळीस. म्हणजे आमचा दाब किती का पडेना, शंभराच्या वर असला की चार्जरची तक्रार नाही. घाबरत होता तो इन्व्हर्टर. लॅपटॉपला आमच्या मोटारींचं काहीच नव्हतं. वायरमन म्हणाला, हेच तर. मी म्हटलं, आता हेच तर म्हणू नको, चहा घे. फक्त नेटचा डबा इन्व्हर्टरवर ठेवला. त्याला त्या टकचं काही वाटत नाही हे त्यानं अर्धा तास बसून आधी बघून घेतलं.

लॅपटॉप परत खिडकीपाशी गेला. मंगळवार, बुधवार, गुरुवार, दिवसाचीच लाईट, मोटारी जोरात. मी रोज शेंगा घेऊन बसले, टक मोजले. एका दिवसात तीसच्या वर टक. वहीत रेघ एकही नाही. शुक्रवारी तिनं मला म्हटलं, आजी आता फोड त्या शेंगा, पेरायच्यात ना.

रविवार आला. मी सकाळी नवी साडी नेसले, तर ती म्हणाली कॅमेरा नाहीये आजी, त्यांना तू दिसणार नाहीस. म्हटलं, मला मी दिसते ना. अकराला डाव सुरू झाला. मी मागं बसले, हातात काहीच न घेता. शेजारच्या मोटारीचा आवाज खिडकीतून येत होता, कोपऱ्यातला इन्व्हर्टर आपला टक-टक करत होता, आणि ती पाठ. मी ती पाठ एकदाही ताठ झालेली बघितली नाही. ती सांगत होती, डावीकडं थांब, आता नको, आता चल.

तिसरा डाव मध्यावर आला आणि लाईट गेली.

दाब पडला नव्हता. साफ गेली. शेजारची मोटार घरघर करत थांबली, पंखा इन्व्हर्टरवर नव्हता, त्याची पाती एकेक दिसायला लागली. डीपीवर, म्हणजे शेताकडच्या ट्रान्सफॉर्मरवर, काहीतरी उडालं होतं, ते नंतर कळलं. माझ्या तोंडून देवाचं नाव आलं. खिडकीपाशी डायरेक्ट प्लग, म्हणजे चार्जर मेला. आता पडदा काळा होणार आणि साठवर बसणार. मी उठून उभी राहिले. काय करणार होते उभी राहून, कुणास ठाऊक.

पडदा काळा झाला नाही. ती खूण काढलेली होती ना. लॅपटॉप आपल्या बॅटरीवर गेला आणि पडदा तसाच एकशे चव्वेचाळीसवर. ती नंतर म्हणाली की बॅटरीवर मशीन थोडं मंद झालं होतं, तिला जाणवत होतं, म्हणून तिनं स्वतः पुढं न जाता बाकीच्या चौघांना पुढं घातलं आणि मागून सांगत राहिली. मला एवढंच दिसलं की तिनं मान वळवून वरचा बंद पंखा एकदा बघितला, आणि बोलायचं थांबली नाही. लाईट सहा-सात मिनिटांनी आली. डाव तोवर संपला होता. जिंकले.

हेडफोन काढून ती म्हणाली, आजी, तू उभी का आहेस?

मंगळवारी दुपारी निरोप आला. घेतलं. ते लोक म्हणाले, तिसऱ्या डावात तू मागं राहून टीम चालवलीस ते आम्हाला आवडलं. लाईट गेली होती हे तिनं त्यांना सांगितलं नाही. मी विचारलं, का नाही सांगितलंस, तर म्हणाली, कशाला, त्यांना काय तुझी डीपी बघायची होती का?

रविवारी मुलगा दौंडहून आला, शब्द दिल्याप्रमाणे. पेढे आणले होते. नातीच्या पाठीवरून हात फिरवला आणि मग लॅपटॉपवरूनही फिरवला, जसं काही तीच दुसरी लेक. चहा घेताना विचारलं, दौंडचा तो कारागीर पडदा बदला म्हणत होता, मग हा बरा कसा झाला? नेमकं काय होतं?

नात माझ्याकडं बघून म्हणाली, "कावळा होता, पप्पा. आजीनं हाकलला."

तो माझ्याकडं, मग तिच्याकडं, मग खिडकीबाहेर बघायला लागला. नातीचं तोंड हसू दाबून लाल झालेलं. तिनं मला वाट करून दिली होती, सरळ, गुळगुळीत. सुनेनं लेकापुढं सासूची लाज राखावी तशी नातीनं आजीची राखली. एवढ्याशा पोरीला हे कधी सुचलं, ह्याचाच मला इतका अभिमान वाटला की मी पेढा तोंडात धरून बसले.

मग गिळला आणि म्हटलं, "कावळा न्हाई रं. मीच व्हते. बस खाली, सांगते."